बत्तिशीकाका आणि जड झालेलं स्टिअरिंग

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोक बत्तिशी म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? तरुणपणी ते नुसतेच 'बत्तिशी' होते. केस पांढरे झाले तसे 'बत्तिशीकाका' झाले. खरं नाव उरलं ते विजेच्या बिलावर आणि सासूबाईंच्या तोंडात. त्या तोंडातले दातही काकांनीच केलेले असल्यामुळे सासूबाई ते नाव मोठ्या आदराने घेत.

औषधांच्या दुकानामागच्या एका लांबोळक्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे, टेबलावर छोटा दिवा, गुलाबी मेणाच्या वड्या आणि तापवून वापरायची बारीक सुरी. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि काका एकेक दात मेणात बसवायचे. समोरचे दोन दात अगदी सरळ रेषेत बसवले तर हसणं खोटं दिसतं, म्हणून ते एखाद्या दाताला केसभर तिरका करायचे. एकदा एक क्रीडाशिक्षक तणतणत आले. "नव्या दातांनी जेवता येतं, बोलता येतं, पण शिट्टी वाजत नाही!" काकांनी त्यांना समोर बसवून दात मागून थोडे थोडे घासले, आणि दुपारी त्या खोलीतून अशी काही शिट्टी घुमली की औषधवाला दुकान सोडून धावत आला.

सांगायचं म्हणजे, हा माणूस हातांवर जगत होता.

हातांखालोखाल त्यांचं प्रेम होतं ते गाडीवर. नात झाली तेव्हा जुनी छोटी गाडी देऊन त्यांनी सात माणसं बसतील अशी उंच, धिप्पाड एसयूव्ही घेतली. सकाळी उठून ते तिच्या काचा पुसायचे, दारं कुणी आपटली तर त्यांचंच बोट चेमटल्यासारखा चेहरा करायचे. काकू त्या गाडीला 'तुमची थोरली' म्हणायच्या. मुलगी एकुलती एक, पण गाडी आल्यापासून तीही स्वतःला धाकटी म्हणवून घेऊ लागली. थोरलीच्या स्टिअरिंगला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

आणि त्याच स्टिअरिंगने दगा दिला.

पहिल्यांदा झालं ते घराजवळच्या गोल चौकात. काका एकटेच होते, मागे सामानाच्या पिशव्या. चौकाला वळसा घालताना हातातलं चाक एकाएकी जड झालं. भरलेलं पिंप सरकवावं तसं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी गाडी हवी तेवढी वळली नाही आणि पुढचं चाक खरकन कडेच्या दगडाला घासलं. समोर डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लागलं होतं. गाडी घेताना विक्रेत्याने सांगितलेलं काकांना आठवलं, की रस्त्यावर चाकं घसरू लागली की गाडी स्वतःला सावरते आणि तेव्हा ही खूण लुकलुकते. 'म्हणजे मीच वेडंवाकडं वळवलं,' असं म्हणत त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा चालू केली. पिवळं चित्र गेलं होतं. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं.

काका आपल्या तळहातांकडे बघत बसले. कारण असं जडपण त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं.

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, पुरुषभर उंचीची अक्षरं एका दमात काढायचे. एके दिवशी शिडीवरून खाली उतरून ते म्हणाले, "आज ब्रश जड झालाय रे." तेव्हा सगळे हसले होते. ब्रश कुठे जड होतो? पण मग अक्षरं लहान होत गेली, ओळ खाली उतरू लागली, सदऱ्याची बटणं दुसऱ्याने लावायची वेळ आली. हातापायांवरचा मेंदूचा ताबा सुटत जाण्याचं ते दुखणं होतं. शेवटची वर्षं वडील खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसून असायचे. त्यांना घास भरवायच्या त्या काकू. सून म्हणून नव्हे, पोटच्या मुलीसारखं केलं त्यांनी. एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

ब्रश जड झाला तेव्हा वडिलांचं वय काय होतं, याचा काकांनी गाडीत बसल्या बसल्या हिशेब केला. जवळपास आपलंच.

घरी गेल्यावर त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. चाक घासलं कसं, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मागे नात बसलेली होती. तिच्या शाळेच्या फाटकात वळताना चाक पुन्हा दगड झालं आणि गाडी सरळ भिंतीच्या दिशेने निघाली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. मागून नातीचा शांत आवाज आला, "आजोबा, आपण भिंतीकडे का चाललोय?" काकांनी गाडी तिथेच बंद केली आणि तिला हाताला धरून चालत आत सोडलं.

तरीही एक आशा होती. त्याच दिवशी ते गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या तरुणाने गाडीला वायर जोडून छोट्या पडद्यावर काहीतरी पाहिलं, दोन बटणं दाबली आणि हसतमुखाने म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे. तुम्हीच स्टिअरिंग घाबरून घट्ट धरत असाल. वय झालं की होतं असं."

बिचारा सहज बोलून गेला. पण काकांच्या लेखी निकाल लागला. गाडी ठणठणीत आहे, म्हणजे बिघाड आपल्यात आहे.

मग सुरू झाली लपवाछपवी. काका रोज कामाच्या खोलीत दिव्यासमोर सुरी धरून बघायचे. सुरी हलत नव्हती. पण त्याने धीर यायचा नाही, कारण वडिलांचा हातही सुरुवातीला थरथरला नव्हता, नुसता ब्रश जड झाला होता. सदरा घालताना बटणं दोनदा लावून बघायचे. बोटांना व्यायाम म्हणून खिशात मेणाचा गोळा ठेवायचे आणि येता-जाता दाबायचे. तो खिशातच राहायचा. कपडे धुवायच्या मशीनमधून काकूंचा पांढराशुभ्र झगा गुलाबी ठिपके घेऊन बाहेर आला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, दात घरी आणायला लागलात की काय?"

गाडी बाहेर काढायची टाळाटाळ सुरू झाली. कधी पेट्रोल नाही, कधी टायर बसलंय, कधी "चालत जाऊ या, तब्येतीला बरं." नातीला उचलून घेणंही त्यांनी बंद केलं. न जाणो, हातातून सुटली तर? ती हात वर करून उभी राहायची आणि काका उगाच बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे.

सांगावं असं अनेकदा ओठांवर आलं. पण समोर काकू दिसल्या की वडिलांना भरवणारा त्यांचा हात दिसायचा. पुन्हा तेच सगळं या बाईच्या वाट्याला? काका शब्द गिळून टाकायचे.

शेवटी ते बोलले ते एका डॉक्टरीणबाईंजवळ. या दातांच्या डॉक्टर, काकांकडे वर्षानुवर्षं काम पाठवणाऱ्या. काका साचा द्यायला गेले आणि रेंगाळले. "माझा एक मित्र आहे," त्यांनी सुरुवात केली, "त्याचे हात अधूनमधून दगा देतात."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मित्र काय काम करतो?"

"ते… असंच बारीकसारीक."

"हं. मग मित्राला सांगा, अंदाज बांधत बसू नकोस. मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. मी वेळ घेऊन देते." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पुढच्या सोमवारची वेळ मिळाली. वेळ कुणाच्या नावावर घ्यायची हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही.

सोमवारच्या आदल्या दिवशी मुलीने टूम काढली, टेकडीवरच्या तलावावर जाऊ. जावई कामासाठी बाहेरगावी होता, नात घरात बसून कंटाळली होती. काकांकडची सगळी निमित्तं वापरून झाली होती. निघायच्या वेळी ते गाडीपाशी उभे राहिले, खिशातून किल्ली काढली आणि काकूंपुढे धरली.

"तू चालव."

"कोण, मी?" काकू आधी किल्लीकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. "थोरलीला? अहो, ताप-बिप आलाय का तुम्हाला?"

"डोळे चुरचुरतायत जरा."

काकूंनी किल्ली घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्या सांभाळत त्यांनी नोकरी केली होती. जुन्या गाडीवर शिकलेलं ड्रायव्हिंग त्या विसरल्या नव्हत्या. टेकडी चढताना त्यांनी गाडी अशी सफाईने नेली की काकांना अभिमानही वाटला आणि थोडा मत्सरही. तलावावर नातीने बदकांना दाणे टाकले, मुलीने फोटो काढले. काका फोटोत हसले, पण हात पाठीमागे धरून.

घटना घडली उतरताना.

रस्ता वळणावळणाचा होता. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि पलीकडे दरी. काकू बेतानेच चालवत होत्या. एका मोठ्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं, ते अर्ध्यात अडलं. समोर पिवळं चित्र लागलं, शेजारी स्टिअरिंगची लाल खूण, आणि गाडी कुईंकुईं ओरडू लागली.

"अहो! हे वळत नाहीये!" काकू किंचाळल्या. "दगड झालाय याचा!"

काकांनी विचार केलाच नाही. बाजूच्या सीटवरून झेपावून त्यांनी चाक पकडलं आणि काकूंच्या जोडीने ओढलं. "ब्रेक! हळूहळू दाब, सोडू नकोस!" चार हातांनी मिळून ते जडशीळ चाक वळवलं. कठडा अगदी काचेशी आला, मग तिरका झाला, मग मागे पडला. वळण संपल्यावर टेकडीच्या बाजूला खडीचा ढीग होता. त्याच्यात तोंड खुपसून थोरली थांबली.

काकांनी हँडब्रेक ओढला. मग मुलीने मागून विचारलं, "सगळे ठीक आहात ना?"

काका काकूंकडे वळले. "काय म्हणालीस तू मघाशी?"

"कधी?"

"वळणावर. काय झालंय म्हणालीस?"

"दगड! दगड झालाय म्हणाले स्टिअरिंगचा! अहो, जीव जात होता आपला आणि तुम्ही…"

"तुलाही जड लागलं?"

"मला कशाला, पहिलवानाला लागलं असतं!"

आणि काका हसायला लागले. आधी खुदकन, मग खो खो, मग पोट धरून. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, नाक वाहू लागलं, तरी हसणं थांबेना. काकूंनी अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं आणि शेजारी नवरा बत्तिशी दाखवत होता. मुलीला वाटलं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला.

"आजोबा हसतायत की रडतायत?" नातीने विचारलं.

"थोरली आजारी आहे!" काका कसेबसे म्हणाले. "अगं, थोरली आजारी आहे, मी नाही!"

सगळ्यांना खाली उतरवून, कठड्यापासून लांब एका झाडाखाली बसवल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. चौकातलं, शाळेच्या फाटकातलं, ब्रशचं, मेणाच्या गोळ्याचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांचं. काकू ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी पदराने डोळे टिपले. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे माझ्यापासून लपवलंत? इतके दिवस एकट्याने हे उरावर घेऊन फिरत होतात?"

"तू बाबांचं इतकं केलंस. पुन्हा तुझ्यावर…"

"पुन्हा माझ्यावर काय? मी तक्रार केली होती? बाबांचं केलं ते मला जड नाही झालं. हे असं परक्यासारखं वागणं जड जातं!" त्या जरा थांबल्या. "आणि डोळे चुरचुरतायत म्हणून ती आजारी गाडी माझ्या हातात दिलीत!"

काकांनी कान पकडले. नातीला वाटलं खेळ चाललाय, तिनेही पकडले. मग काकूंचं ओठ दाबून धरलेलं हसू फुटलं आणि मुलीच्या जिवात जीव आला.

गाडी उचलून नेणारा ट्रक आला आणि थोरली पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरला गेली. रविवार असल्यामुळे तिथली पोरं सुट्टीवर होती, म्हणून या वेळी ती फोरमनच्या हाती पडली. त्याने तिचं पोट उघडलं आणि काका-काकूंना समोर बोलावून दाखवलं. स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरला वीज पुरवणाऱ्या तारेचं टोक गंजून सैल पडलं होतं. हादरा बसला की सुटायचं, पुन्हा टेकायचं.

"मग ते पिवळं चित्र का लागायचं?" काकांनी विचारलं.

"गाडी सावरणारी जी यंत्रणा आहे ना काका, तिला चाक किती वळलं ही खबर इथूनच मिळते. दोन्ही घरांना एकच नळ. नळ गेला की दोघंही कोरडे." फोरमन जरा खाली बघून म्हणाला, "मागे तुम्ही आलात तेव्हा पडद्यावर एक जुनी नोंद आली होती. आमच्या पोराने किरकोळ समजून पुसली. चूक झाली. याच मॉडेलच्या आणखी गाड्यांत हे निघालंय, कंपनी सगळ्या परत बोलावते आहे."

काकूंचा पारा पुन्हा चढला. "किरकोळ? दरीत गेलो असतो म्हणजे मोठी नोंद झाली असती का? अहो, तुम्ही काय गप्प उभे आहात, जरा तरी रागवा!"

काका प्रयत्न करत होते. भुवया आवळून बघितल्या, घसा खाकरला. पण राग काही केल्या येईना. त्या गंजक्या तारेकडे ते असे बघत होते, जसं कुणी हरवून सापडलेल्या दागिन्याकडे बघावं. शेवटी फोरमनला काय सुनवायचं ते काकूंनीच सुनावलं, आणि चांगलं खणखणीत सुनावलं.

सोमवारी सकाळी काका म्हणाले, "आता डॉक्टर कशाला?" काकू चपला घालून दारात उभ्या राहिल्या. रिक्षाने दोघं गेले. डॉक्टरांनी काकांचे हात वाकवले, सरळ केले, बोटं भराभर मिटायला-उघडायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली, चालवून बघितलं, कागदावर एक गोल वेटोळं काढायला सांगितलं. काकांनी असं नेटकं वेटोळं काढलं की डॉक्टर म्हणाले, "सुरेख! काय काम करता?"

"दात करतो."

"खुशाल करत राहा. हातांना काहीही झालेलं नाही. खांदा जरा आखडलाय, ओढाओढी केली होती का कशाची?"

"गाडीची," काकू म्हणाल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र त्याच अर्ध्यात थांबल्या. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. आपल्या घाबरण्याचं ओझं या बाईने कालपासून कुठे ठेवलं होतं, ते काकांना तेव्हा कळलं. त्यांनी तिचा हात आपल्या काखेत घेतला आणि उरलेल्या पायऱ्या दोघं सावकाश उतरले.

आठवडाभराने गाडी न्यायला दोघं सर्व्हिस सेंटरला गेले, तर तिथे तशीच उंच, करड्या रंगाची गाडी उभी होती. तिच्याशेजारी एक वयस्कर बाई पाठीचा कणा ताठ करून खुर्चीवर बसलेल्या. त्यांचा मुलगा फोरमनशी बोलत होता. "आईने दोनदा फाटक ठोकलं. वय झालंय, पण कबूल कोण करणार? म्हणून आम्ही किल्ली काढून घेतली. कंपनीचा फोन आला म्हणून आणलीय गाडी."

बाई मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होत्या. काकांना ते बघणं ओळखीचं वाटलं. काकू थांबवायच्या आत ते पुढे झाले.

"माफ करा हं. फाटकाशी वळताना चाक दगडासारखं झालं होतं का? आणि गाडी बंद करून चालू केली की पुन्हा हलकं?"

बाईंनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझंही तेच झालं. मला वाटलं, हात गेले. हात नव्हते गेले, तार गेली होती." काका मुलाकडे वळले. "तुमच्या आईंनी फाटक ठोकलं नाही हो. गाडीने ठोकलं."

मुलाने फोरमनकडे पाहिलं. फोरमनने मान डोलावली. मुलाचा चेहरा पडला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी आधीच हात पुढे केला होता, तळवा वर करून.

"किल्ली."

"आई, आधी दुरुस्त तर होऊ दे."

"होऊ दे ना. मी बसते इथे."

त्या बसल्या. काकूंनी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली, आणि बघता बघता एकीच्या नवऱ्याबद्दलच्या आणि दुसरीच्या मुलाबद्दलच्या तक्रारी अशा काही जुळल्या की काकांना आणि त्या मुलाला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

दुपार कलल्यावर करडी गाडी तयार झाली. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आणि फाटकातून गाडी एका लांब, सावकाश वळणात रस्त्यावर काढली. शेजारी बसलेला मुलगा दारावरची मूठ धरून होता. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून काका-काकूंना निरोप दिला, तेव्हा काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "बघा, एका हाताने चालवतायत."